बाळ वेळेआधी आलं तर: काचेच्या पेटीपासून घरापर्यंत

माझी मुलगी ३० आठवड्यांची असताना जन्मली. वजन १२४० ग्रॅम. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते नवऱ्याच्या मोबाइलवर. मी वॉर्डात, ती वरच्या मजल्यावर एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आणि फोटोत बाळ कमी, नळ्या जास्त. त्या रात्री कुणीतरी शेजारी बसून ‘आता हे होईल, मग ते होईल’ असं ओळीने सांगायला हवं होतं. आता तशाच रात्रीत असलेल्या आईबाबांसाठी मी ते लिहून काढतेय.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते, कारण मला ती फार उशिरा कळली. एनआयसीयूत आईबाबा भेटायला आलेले पाहुणे नसतात. तुमचं दूध, तुमच्या अंगाची ऊब, तुमचा हात हा उपचाराचाच भाग आहे. पहिले बारा दिवस मी ‘आपण मध्येमध्ये नको’ म्हणून काचेबाहेर उभी राहिले. ते बारा दिवस मला अजून सलतात.

आधी आठवड्यांचा हिशोब

३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं बाळ. ३२ ते ३७ आठवड्यांची बाळं संख्येने सर्वांत जास्त असतात आणि त्यातली बहुतेक थोड्या मदतीने सावरतात. २८ ते ३२ आठवड्यांच्या बाळांना बरेच दिवस एनआयसीयू लागतं. २८ च्या आतली बाळं सगळ्यात नाजूक. त्यांचा मुक्काम महिन्यांत मोजावा लागतो.

डॉक्टर वजनाइतकंच, किंबहुना वजनापेक्षा जास्त, आठवड्यांकडे बघतात. फुफ्फुसं, मेंदू, आतडी किती तयार झाली आहेत हे आठवड्यांवर ठरतं. ‘सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ असं सांगणारं कुणीतरी भेटेलच. त्यात काही तथ्य नाही. पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

जगात दहातलं साधारण एक बाळ असं लवकर येतं. २०२० साली अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. आईचा वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळी, पाणी लवकर जाणं, गर्भाशयाचं तोंड आखूड असणं ही काही कारणं. पुष्कळदा कारण सापडतच नाही. ‘मी त्या दिवशी जिने चढले म्हणून झालं’ हे मी कितीदा मनात घोळवलं असेल! घरचं रोजचं काम केल्याने किंवा जिना चढल्याने असं होत नाही, हे मला आमच्या डॉक्टरांनी तीनदा सांगितलं तेव्हा कुठे पटलं.

जन्माआधी थोडा वेळ हाताशी असेल तर

कळा लवकर सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तर तडक दवाखाना गाठा, आणि तिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे का हे पहिल्यांदा विचारा. नसेल आणि वेळ असेल, तर बाळ पोटात असतानाच आईला दुसरीकडे हलवणं हे जन्मलेल्या बाळाला अॅम्ब्युलन्समधून नेण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.

आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. स्टिरॉइड या शब्दाला घाबरू नका. १९७२ साली न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की या इंजेक्शनांनी बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. पुढच्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत त्यांचा चांगला परिणाम दिसतो, म्हणून डॉक्टर बाळंतपण तेवढं लांबवायचा प्रयत्न करतात. फार लवकर होणाऱ्या बाळासाठी आईला मॅग्नेशियम सल्फेटही देतात. ते बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी असतं, आईला मात्र त्याने अंग भाजल्यासारखं गरम वाटतं. बाळ बरं असेल तर नाळ कापायला निदान एक मिनिट थांबता येईल का, हेही विचारून ठेवा. त्या मिनिटात बाळाला स्वतःचंच जास्तीचं रक्त मिळतं.

पहिले काही तास: काय दिसेल

जन्मल्या जन्मल्या बाळ तुमच्या हातात येणार नाही, कदाचित रडणंही ऐकू येणार नाही. फार लहान बाळाला अंग न पुसता थेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळतात. बघायला विचित्र वाटतं, पण त्याच्या अंगावर चरबी नसते आणि ते मिनिटाभरात गार पडू शकतं, म्हणून ही काळजी. मग वॉर्मर किंवा इन्क्युबेटर, म्हणजे आपण ‘काचेत ठेवलंय’ म्हणतो ती पेटी.

बाळाचं रूप आधीच मनात धरून जा. कातडी पातळ आणि लालसर, खालच्या शिरा दिसतील अशी. खांद्यांवर, पाठीवर बारीक लव. कान इतके मऊ की दुमडले तर तसेच राहतात. डोकं शरीराच्या मानाने मोठं. हे सगळं त्या आठवड्याच्या बाळासाठी अगदी बरोबर असतं.

नळ्या आणि तारांचं पुढे काही वाटत नाही, पण पहिल्या दिवशी प्रत्येकीचं नाव विचारून घ्याच. छातीवरच्या चिकटपट्ट्या हृदयाचे ठोके आणि श्वास मोजतात. पायाला गुंडाळलेला लाल दिवा रक्तातला ऑक्सिजन मोजतो. तोंडातून किंवा नाकातून पोटात जाते ती दुधाची नळी. बेंबीत किंवा हातात घातलेली बारीक नळी सलाइनची. नाकाला लावलेलं यंत्र बहुधा सीपॅप. ते हवा थोड्या दाबाने आत ठेवतं, म्हणजे फुफ्फुसं मिटत नाहीत. श्वास बाळाचं बाळच घेतं. घशात नळी असेल तर व्हेंटिलेटर.

मॉनिटर वाजला की काळीज लक्कन हलतं. त्यातले पुष्कळ गजर पट्टी सुटल्याचे किंवा बाळ हलल्याचे असतात. सिस्टर आधी पडद्याकडे बघत नाहीत, बाळाच्या रंगाकडे बघतात. तुम्हीही तेच करायला शिका.

श्वास

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची पहिली लढाई फुफ्फुसांची. फुफ्फुसातले बारीक फुगे मिटू नयेत म्हणून शरीर सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ तयार करतं, पण तो पुरेसा व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. १९६३ साली अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे २.१ किलो होतं, तरी याच त्रासाने तो दोन दिवसांत गेला. तेव्हा बड्यांतल्या बड्या डॉक्टरांकडेही उपाय नव्हता. १९७१ मध्ये सीपॅप आलं. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी बाळांच्या श्वासनळीत बाहेरून सर्फॅक्टंट सोडून दाखवलं. आज त्या आठवड्यांची आणि त्या वजनाची बहुतेक बाळं काही दिवसांत किंवा दोनतीन आठवड्यांत घरी जातात.

पुढचा त्रास श्वास विसरण्याचा. मेंदूतलं श्वासाचं केंद्र कच्चं असल्याने बाळ वीस सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबवतं, ठोके मंदावतात, रंग उतरतो. याला अॅप्निया म्हणतात. सिस्टर तळपायाला टिचकी मारतात आणि बाळ पुन्हा सुरू होतं. औषध म्हणून कॅफिन देतात, हो, कॉफीतलंच. बहुतेक बाळांचा हा त्रास ३६-३७ आठवड्यांच्या सुमाराला (पोटातले आठवडे धरून) आपोआप जातो. फार लवकर जन्मलेल्यांना थोडं जास्त थांबावं लागतं.

दूध: इथे तुमच्याशिवाय कुणीच काही करू शकत नाही

बाळ ओढू शकत नाही, म्हणजे दुधाची घाई नाही, असं समजू नका. जन्मानंतर होता होईल तितक्या लवकर, शक्यतो पहिल्या एकदोन तासांत आणि उशीर झालाच तर सहा तासांच्या आत, दूध काढायला सुरुवात करा. चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, त्यात रात्री एकदा तरी. शरीर मागणी बघून दूध तयार करतं आणि ती मागणी बाळाऐवजी तुम्हाला करायची असते.

पहिल्यांदा येतात ते चिकाचे थेंब. मी अर्धा तास हाताने दाबत होते, तेव्हा वाटीच्या तळाशी पिवळसर, मधासारखी चकाकणारी एक बारीक टिकली जमली. मी ती टाकूनच देणार होते. सिस्टरने एक मिलीची सिरिंज आणली, वाटी तिरकी धरली आणि तो ऐवज सगळाच्या सगळा ओढून घेतला. ०.३ मिली. त्यातले दोन थेंब तिने बाळाच्या गालांच्या आतून फिरवले आणि बाळाने जीभ हलवली. त्या क्षणापासून मी एक थेंबही वाया घालवला नाही.

पहिल्या दोनतीन दिवसांत हाताने काढलेलं जास्त हाती लागतं, नंतर पंप सोयीचा. काढण्याआधी छाती शेकून हलकी चोळा, बाळाचा फोटो किंवा अंगावरचं टोपडं जवळ ठेवा, याने खरंच पान्हा फुटतो. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ लिहा. दूध किती तास चालतं याचा नियम तिथला विभाग सांगेल तोच पाळा.

आईच्या दुधाचा आग्रह का, हेही समजून घ्या. अशा बाळांच्या आतड्यांना एनईसी नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. पोट फुगतं, हिरवी उलटी होते, शीतून रक्त येतं. आईच्या दुधाने हा धोका बराच कमी होतो. तुमचं दूध पुरत नसेल तर मिल्क बँकेतलं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दिलेलं, पाश्चराइज केलेलं दूध मिळेल का विचारा. आणि तरीही कमी पडलं, डब्याचं द्यावं लागलं, तर त्यासाठी स्वतःला शिक्षा करू नका.

सुरुवात एकेक मिलीने होते, दर दोनतीन तासांनी, नळीतून. मग हळूहळू वाढवतात. काही बाळांच्या दुधात प्रथिनं आणि खनिजांची पूड घालतात, तिला फॉर्टिफायर म्हणतात. त्याचा अर्थ तुमचं दूध पातळ आहे असा नाही. बाळाला पोटातल्या वेगाने वाढवायचंय, म्हणून ती भर. चोखणं, गिळणं आणि श्वास यांची सांगड ३२ ते ३४ आठवड्यांच्या पुढे बसू लागते. तेव्हा वाटी-चमचा आणि अंगावर पाजणं सुरू होतं, एकदा जमतं, दोनदा दमून झोप लागते.

कांगारू केअर

१९७८ च्या सुमाराला कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर कमी पडत होते. एदगार रे सनाब्रिया या डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी उघड्या अंगाने बांधायला सुरुवात केली. नाइलाजाने निघालेली ही वाट पुढे इतकी गुणकारी ठरली की २०२१ साली पाच देशांत झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच कांगारू केअर मिळालेल्या लहान बाळांचे मृत्यू सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी झाले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं: जन्मानंतर लवकरात लवकर सुरू करा, दिवसाला ८ ते २४ तास.

म्हणून रोज विचारा, ‘आज कांगारू देता येईल का?’ बाळ व्हेंटिलेटरवर किंवा फारच अस्थिर असेल तर थांबायला सांगतील. सीपॅप लावलेलं असताना मात्र पुष्कळदा देता येतं.

कसं द्यायचं? समोरून उघडणारा सैल कपडा घाला. अत्तर, पावडर नको. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट आणि टोपी. त्याला उभं, छातीच्या मधोमध ठेवा, डोकं एका कुशीला, हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून कापडाने नीट बांधा आणि मागे रेलून बसा. एका वेळी निदान तासभर तरी ठेवा, कारण उचलाउचलीत बाळ दमतं. बसण्याआधी पाणी प्या आणि लघवीला जाऊन या, हे मी अनुभवाने सांगते.

बाबा, आजी, मावशी, कुणीही कांगारू देऊ शकतं. माझा नवरा पहिल्यांदा बसला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. दहा मिनिटांनी मॉनिटरवरचे ठोके १७० वरून १४८ वर आले. तो पडद्याकडे बघत राहिला आणि हळू आवाजात आकडे मोजत राहिला.

पेटीत असताना स्पर्श करायचा तर थोपटू किंवा कुरवाळू नका. एक ऊबदार तळवा डोक्यावर, एक पायांवर, आणि तसंच स्थिर धरा. बाळाने बोटं ताणून पसरली, उचकी लागली, सारख्या जांभया आल्या, रंग बदलला, म्हणजे ते सांगतंय, ‘आता पुरे.’

मधले दिवस: दोन पावलं पुढे, एक मागे

पहिल्या आठवड्यात वजन उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत, फार लहान बाळाचं थोडं जास्त. जन्माचं वजन परत यायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यानंतर दर किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम वाढ चांगली समजतात. रोजच्या आकड्यावर जीव टांगू नका, आठवड्याचा आकडा बघा.

कावीळ जवळजवळ सगळ्यांना होते. डोळे झाकून निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्याने ती उतरते. मेंदूतला रक्तस्राव झालाच तर बहुधा पहिल्या तीन दिवसांत होतो, म्हणून पहिल्या आठवड्यात टाळूवरून सोनोग्राफी करतात. ग्रेड एक किंवा दोन, म्हणजे रक्तस्राव थोडा असेल, तर बहुतेक वेळा ते रक्त विरून जातं. तीन किंवा चार, म्हणजे जास्त असेल, तर सविस्तर वेळ मागून बोला. हृदयाजवळची एक नळी जन्मानंतर बंद व्हायला हवी, ती उघडी राहिली तर पीडीए म्हणतात. कधी नुसती वाट बघतात, कधी औषध देतात. रक्त कमी झालं म्हणून रक्त चढवावं लागणंही नेहमीचंच.

जंतुसंसर्गाची भीती मात्र खरी असते आणि तिथे तुमच्या हातात खूप आहे. कोपरापर्यंत हात धुवा, अंगठ्या-बांगड्या-घड्याळ बाहेर ठेवा, सर्दी असेल तर त्या दिवशी आत जाऊ नका. कुणी न धुतलेल्या हाताने बाळाला हात लावताना दिसलं तर नम्रपणे टोका, मग ते डॉक्टर का असेनात.

एक वही ठेवा. रोज तारीख, वजन, दूध किती मिली, ऑक्सिजन किती, नवीन काय, आणि डॉक्टरांना विचारायचे दोन प्रश्न. ‘काल होतं त्यापेक्षा आज काय वेगळं आहे?’ आणि ‘आज आम्ही बाळासाठी काय करू शकतो?’ या दोन प्रश्नांना मला नेहमी सरळ उत्तर मिळालं. ‘कधी घरी नेता येईल?’ याला कधीच मिळालं नाही.

आणि तुम्ही स्वतः. रडू येईल, राग येईल, कधी काहीच वाटणार नाही. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, कशातच मन नसेल, स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावं असे विचार येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. बाळंतपणानंतरचं नैराश्य अशा आयांमध्ये जास्त दिसतं, बाबांनाही होतं, आणि त्यावर उपचार आहेत.

डोळ्यांची तपासणी: ही तारीख चुकवायची नाही

डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नऊ महिने भरत आल्यावर पूर्ण होतात. लवकर जन्मलेल्या बाळात त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. याला आरओपी म्हणतात. दुर्लक्ष झालं तर पडदा सुटून कायमचं अंधत्व येऊ शकतं, आणि बाहेरून डोळा अगदी छान दिसत असतो. म्हणूनच मी याबाबत इतकी हट्टी आहे.

पहिली तपासणी साधारण जन्मानंतर चौथ्या आठवड्यात होते, काही बाळांची त्याआधी. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि पडदा बघतात. बाळ रडतं, पण काही मिनिटांचंच काम. उपचार लागला तर लेसर किंवा इंजेक्शन, आणि तेही दोन-तीन दिवसांच्या आत. पहिल्या तपासणीआधीच बाळाला घरी सोडलं तरी तिची तारीख लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. एकदा ‘ठीक आहे’ म्हटलं म्हणून संपत नाही. ‘रक्तवाहिन्या पूर्ण झाल्या, आता यायला नको’ असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणेपर्यंत जात राहा. कानांची तपासणीही घरी जाण्याआधी करून घ्या.

घरी जाताना

उघड्या पाळण्यात अंग गरम राहतं, सगळं दूध तोंडाने घेतं, वजन सलग वाढतंय आणि काही दिवस श्वास थांबलेला नाही, इतकं जमलं की घरी सोडतात. बऱ्याच बाळांचा हा दिवस बाळंतपणाच्या मूळ तारखेच्या दोनचार आठवडे आधी येतो. जायच्या आधी एक रात्र बाळाजवळ राहता आलं तर राहा. औषधाचे थेंब स्वतः मोजून द्या, आणि बाळाचा श्वास थांबला तर काय करायचं ते प्रत्यक्ष करून शिकून घ्या.

घरी नेल्यावर दर दोनतीन तासांनी उठवून पाजा, भूक लागल्यावर रडेल म्हणून वाट बघू नका. झोपवायचं नेहमी पाठीवर, कडक सपाट गादीवर, उशी-दुलईशिवाय. एनआयसीयूत पालथं ठेवलेलं तुम्ही पाहिलं असेल, पण तिथे मॉनिटर होता. कांगारू घरीही चालू ठेवा. घरात कुणी सिगारेट ओढू नये आणि बघायला येणाऱ्यांना काही आठवडे थांबवा. लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब चुकवू नका. लोहाचा साठा पोटात शेवटच्या तीन महिन्यांत होतो आणि तो यांना मिळालेला नसतो.

पुढलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघा:

- श्वास थांबणं, ओठ निळे पडणं, मिनिटाला ६० च्या वर श्वास, बरगड्या आत ओढल्या जाणं
- दूध न ओढणं, उठवूनही न उठणं, अंग सैल पडणं
- ताप ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर, किंवा छातीशी धरूनही ३६.५ च्या खाली राहणं
- हिरवी उलटी, फुगलेलं पोट, शीतून रक्त
- झटके, किंवा तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा

दोन वयं

बाळाचं एक वय जन्मतारखेपासूनचं आणि एक मूळ अपेक्षित तारखेपासूनचं, म्हणजे सुधारित वय. माझी मुलगी दहा आठवडे आधी आली. सहा महिन्यांची झाली तेव्हा सुधारित वयाने ती जेमतेम साडेतीन महिन्यांची होती. ती बसत कशी नाही म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना करणं म्हणजे तिच्यावर अन्यायच होता. मान धरणं, पालथं पडणं, बसणं, बोलणं, वजन-उंची, सगळं दोन वर्षांपर्यंत सुधारित वयानेच मोजायचं. वरचं खाणं कधी सुरू करायचं तेही हे वय धरून डॉक्टरांना विचारा. लसी मात्र जन्मतारखेच्या वयानेच. फारच कमी वजनाच्या बाळाच्या एखाद्या डोसाबद्दल डॉक्टर वेगळं सांगतील तेवढंच.

फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात तीन ओळी लिहून ठेवा: जन्मतारीख, किती आठवडे पूर्ण झाले होते ते, आणि मूळ अपेक्षित तारीख. नवीन डॉक्टरांकडे गेलात की आधी ते पान उघडून पुढे करा.